पाणबुडीवरचा गंज कुठून आला, हे आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याने रेव्हेलचं १/७२ स्केलचं टाइप ७-सी जर्मन पाणबुडीचं किट चार महिने खपून जोडलं. करडा रंग छान बसला. मग बाटलीतला तयार गंजाचा वॉश (खाचाखोचांत उतरणारा पातळ रंग) आणून दोन्ही बाजूंच्या प्रत्येक खाचेखाली ओघळ काढले, डेक लाकडी तपकिरी रंगवला, आणि आता बोट "भंगारवाल्याकडून आणल्यासारखी" दिसतेय. काय चुकलं? आणि पुढच्या वेळी सुरुवात कुठून करायची?

मी वीसेक वर्षं जहाजं आणि पाणबुड्यांची मॉडेल्स करतोय. ७-सी तीनदा केली. पहिली माळ्यावर आहे आणि तिथेच राहणार, कारण तुमच्या बोटीचं जे झालंय ते सगळं तिच्यावर मी आधीच करून ठेवलंय. त्यामुळे खालचं बरंचसं माझ्याच चुकांमधून आलेलं आहे.

मुख्य घोळ रंगात नाही. ओघळ काढताना त्यातून नेमकं काय वाहतंय याचा विचार झालेला नाही, घोळ तिथे आहे. गंज सजावटीसारखा सगळीकडे सारखा वाटायचा नसतो. तो कुठून तरी सुरू होतो, पाण्याबरोबर खाली येतो आणि कुठेतरी संपतो. हे तिन्ही टप्पे सांगता आले नाहीत तर तो डाग काढूच नये. मी स्वतःला हा नियम घातलाय आणि निम्मं वेदरिंग (मॉडेलवर मळ, झीज, गंज दाखवणं) त्यामुळे आपोआप वाचतं.

म्हणून ब्रश उचलायच्या आधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: कुठली बोट, कुठला दिवस, समुद्रात किती दिवस. उदाहरण घ्यायचं तर यू-९६. ही बोट २७ ऑक्टोबर १९४१ ला फ्रान्सच्या सँ-नाझेरहून निघाली. अटलांटिकमध्ये महिनाभर काढला, स्पेनच्या विगो बंदरात रात्रीच्या अंधारात एका जर्मन जहाजाकडून इंधन आणि शिधा घेतला, ३० नोव्हेंबरच्या रात्री जिब्राल्टरजवळ ब्रिटिश स्वोर्डफिश विमानाच्या बाँबने जखमी झाली, आणि ६ डिसेंबरला परत आली. त्या फेरीवर एक युद्धवार्ताहर कॅमेरा घेऊन होता. ७-सी बोटीवर समुद्रात काय चालतं, माणसं कुठे उभी राहतात, डेक कसा दिसतो, याचे इतके फोटो दुसऱ्या फेरीचे क्वचितच मिळतील. टॉवरवर (डेकच्या वर उभ्या टेहळणीच्या बुरुजावर) हसऱ्या करवत-माशाचं चित्र असलेली हीच ती बोट.

आता 'यू-९६, ६ डिसेंबर १९४१, चाळीस दिवस' असं लिहिल्यावर बघा किती गोष्टी ठरून जातात. डेकवरची ८.८ सेंटिमीटरची तोफ हवी, कारण या तोफा काढायला १९४३ मध्ये सुरुवात झाली. टॉवरमागच्या कठड्याच्या गोल चौथऱ्यावर, ज्याला खलाशी 'विंटरगार्टन' म्हणायचे, एकच २० मिलिमीटरची विमानविरोधी तोफ हवी. पुढच्या काळातला दोन मजली, चार-सहा नळ्या रोखलेला टॉवर इथे चालणार नाही. गंजही चाळीस दिवसांचाच हवा. चाळीस दिवसांत पोलाद पोखरून भोकं पडत नाहीत. रंग निघालेल्या कडांवर तपकिरी येतं, खाचांखाली ओघळ उतरतात, वर मीठ साचतं, बस. तुमच्या बोटीवर निदान दहा वर्षांचा गंज आहे. भंगारवाला आठवतो तो त्यामुळेच.

फोटोंबद्दल एक सावधगिरी. जुने कृष्णधवल फोटो बघून आपण प्रत्येक काळा ओघळ गंजाचा समजतो. तो ओलावा असू शकतो, तेल असू शकतं, साधा मळ असू शकतो. शिवाय तेव्हाच्या काही फिल्म तांबड्या रंगाला जवळपास आंधळ्या होत्या, त्यामुळे लालसर डाग त्यात काळाकुट्ट येतो. मी एकच जागा निदान दोन फोटोंत दिसल्याशिवाय तिथे रंग लावत नाही.

आणि गंज खरोखर बघायचा असेल तर मॉडेलचे फोटो बघू नका. दुसऱ्याचं मॉडेल बघून केलेलं मॉडेल म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. मुंबईत असाल तर भाऊच्या धक्क्यावर सकाळी जा, चांगला उजेड असताना. लोखंडी हलच्या (जहाजाच्या मुख्य सांगाड्याच्या) लाँचेस आणि बार्जेस बघा. नांगराची साखळी जिथून बाहेर येते त्या भोकाखाली काय होतं, डेकवरचं पाणी उतरायच्या छिद्राखाली काय होतं, हे वहीत काढा. मी तिथे एका बार्जपाशी अर्धा तास उभा होतो. पाणी उतरायच्या एका छिद्राखालचा ओघळ वरती दोन बोटं रुंद आणि गडद चॉकलेटी होता. खाली हातभर अंतरावर तो निमुळता होत फिकट पडला होता. पण ओघळाच्या अगदी मधोमध रंग जवळजवळ स्वच्छ होता, कारण तिथून पाणी सतत वाहतं आणि धुवून नेतं. मळ दोन्ही काठांना बसला होता. नारळातल्या पाण्याचा ओघळ शर्टावर वाळतो तसा, काठाला गडद. आणि भगवा-नारिंगी रंग? अख्ख्या बार्जवर दोन ठिकाणी, तोही नखाएवढा, जिथे कालपरवा काहीतरी घासलं गेलं होतं. नारिंगी म्हणजे ताजा गंज, जुना होत जातो तसा तो काळपट तपकिरी होतो. रे रोडच्या बाजूला दारूखान्यात जुन्या जहाजांच्या प्लेटा रचून ठेवलेल्या असतात. तिथेही बहुतेक रंग उंबराच्या सालीचा आणि चहाच्या चोथ्याचा दिसेल, संत्र्याचा नाही.

आता बोटीच्या बाजूला ज्या खाचांच्या रांगा आहेत त्या तिथे का आहेत, हे समजून घ्या, कारण तुमचे सगळे ओघळ तिथूनच निघालेत. पाणबुडीचा दाब सहन करणारा हल हा आतला जाड पोलादी नळकांडा. त्याच्यावर डेक आणि बाजू म्हणून जे दिसतं ते पातळ पत्र्याचं कवच. बुडताना या दोहोंमधल्या पोकळीत पाणी भरतं आणि वर आल्यावर खाचांमधून बाहेर धबाधबा पडतं. कवचाच्या आतल्या बाजूला रंग लावायला कोणी पोचत नाही, त्यामुळे आतला गंज पाण्याबरोबर खाचेतून बाहेर येतो. म्हणजे ओघळ सुरू होतो खाचेच्या खालच्या ओठाच्या आत. तुमच्या फोटोत ओघळ खाचेच्या वर पण आहे. पाणी वर चढलं कसं?

खाचांची रचना प्रत्येक गोदीची वेगळी होती. या बोटींचा जाणता माणूस नुसत्या खाचा बघून बोट कुठल्या यार्डात बांधली ते सांगतो. किटमधली नक्षी तुमच्या निवडलेल्या बोटीची आहे का, हे खाचा उघडण्याआधी बघा, नंतर रडण्यात अर्थ नाही. प्लास्टिकमध्ये खाच नुसती खोलगट असेल तर ती आरपार करा. पिन वाइसमध्ये (बोटांनी फिरवायच्या छोट्या ड्रिलच्या मुठीत) ०.८ मिलिमीटरचा ड्रिल घालून रांगेत तीन-चार भोकं, मग टोकदार सुरीने मधला भाग, मग सोनार वापरतात ती चपटी बारीक कानस. झवेरी बाजाराच्या गल्ल्यांत सोनारकामाच्या हत्यारांची दुकानं आहेत, तिथे या कानसी मॉडेलच्या दुकानापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ मिळतात. मागून प्लास्टिक खरवडून आधी पातळ केलंत तर काम निम्मं होतं, आणि कडाही पत्र्यासारखी पातळ दिसते. दोन्ही बाजू मिळून मला यात पंधरा संध्याकाळी गेल्या. कंटाळवाणं आहे. पण मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे, कुठल्याही वॉशने पडत नाही.

हल बंद करायच्या आधी दोन कामं विसरू नका. आतून सगळं काळं रंगवा, नाहीतर खिडकीसमोर ठेवल्यावर या खाचेतून त्या खाचेतला उजेड दिसेल आणि बोट पोकळ आहे हे शेंबडं पोरही सांगेल. दुसरं, स्टँडच्या दांड्यांसाठी पोटात नट बसवून एपॉक्सीने पक्के करा. खरी बोट ६७.१ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये ९३ सेंटिमीटर. एवढं लांब धूड रंगवताना हातात धरता येत नाही. दांड्या असल्या की ती सुरुवातीपासून फळीवर उभी राहते आणि ओल्या रंगावर अंगठे उमटत नाहीत. (९३ सेंटिमीटर घरात कुठे राहणार, हा प्रश्न मी किट घेताना विचारला नव्हता. घरच्यांनी नंतर विचारला.)

जोडकामावर फार बोलत नाही, तुमचं ठीक दिसतंय. फक्त हलचा मधला सांधा प्रायमरनंतर पुन्हा बघा. बाजूच्या पाण्याच्या टाकीच्या फुगीर भागावर एक केसासारखी रेघ दिसतेय.

रंगाकडे येतो. युद्धाच्या त्या काळात ७-सीचा वरचा भाग फिकट करडा आणि पाण्याखालचा गडद करडा, हा नेहमीचा बेत. पण ९३ सेंटिमीटरची वस्तू आपण हातभर अंतरावरून बघतो, म्हणजे खरी बोट शंभरेक फुटांवर असावी असं अंतर होतं. मधल्या हवेमुळे रंग फिका पडतो, म्हणून बाटलीतला रंग जसाच्या तसा लावला की मॉडेल जड, खेळण्यासारखं दिसतं. मी वरच्या करड्यात दहा-पंधरा टक्के पांढरा मिसळतो. टामिया कंपनीचा एक्सएफ-५३ हा करडा घेऊन त्यात पांढरा वाढवत गेलात तरी चालेल. प्लास्टिकच्या पट्टीवर लावा, सुकू द्या, मग दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली ठरवलेला करडा मला दोनदा निळा निघालाय.

एकसारखा करडा फवारू नका. आधी वेल्डच्या सांध्यांवर आणि खाचांच्या रांगेवर काळपट तपकिरी अंदाजाने मारा, मग करडा अतिशय पातळ करून एकेका प्लेटच्या मधोमध भरत जा. खालचा काळेपणा कडेने जेमतेम दिसला पाहिजे. मग त्याच करड्यात आणखी पांढरा घालून वर आकाशाकडे तोंड केलेल्या भागांवर एक हलका हात. या पायरीनंतरच बोट जुनी दिसायला लागते. इथे थांबलात तरी चालण्यासारखं मॉडेल होतं, आणि खरं सांगायचं तर पुष्कळांनी इथेच थांबावं.

पाण्याची रेषा आखायला महागडं यंत्र नको. जेवणाच्या टेबलावर काच ठेवा, बोट स्टँडवर सरळ उभी करा, पुस्तकांचा गठ्ठा योग्य उंचीचा करा, त्यावर पेन्सिल आडवी चिकटवा आणि गठ्ठा बोटीभोवती सरकवत फिरा. मग मास्किंग टेप. टेपची कड नखाने दाबा आणि आधी वरचाच रंग पातळ मारा, म्हणजे टेपखाली जे झिरपायचं ते त्याच रंगाचं झिरपेल.

डेकचं तपकिरी मात्र काढावंच लागेल. ७-सीचा डेक फळ्यांचा होता, हे बरोबर. पण त्या फळ्यांना टिकण्यासाठी काळपट द्रव लावत, त्यामुळे डेक जवळजवळ काळा दिसायचा. बंगल्याच्या व्हरांड्यातल्या सागवानासारखा नाही. मी काळ्यात थोडं तपकिरी आणि थोडा करडा घालून रंगवतो, मग काही फळ्या एकेक करून किंचित वेगळ्या छटेत. झीज कुठे दाखवायची? समुद्रात माणसं डेकवर फिरत नसत, लाट उचलून न्यायची. त्यामुळे पूर्ण डेकवर झीज नको. तोफेभोवती, टॉवरच्या पायथ्याशी, टॉर्पेडो आत सोडायच्या झडपेजवळ आणि बंदरात फळी टाकून चढतात त्या जागी राखाडी घासलेपणा दाखवा. बाकी डेकवर नुसतं मीठ आणि पाणी.

टॉवरच्या आत जरा रेंगाळा, बघणाऱ्याची नजर सगळ्यात आधी तिथेच जाते. तिथे चार टेहळे एकेका दिशेला तोंड करून चार-चार तास उभे असायचे, बरोबर एक अधिकारी. चाळीस दिवस, दिवसरात्र. चार माणसांच्या कोपरांनी वरची कड जिथे घासली जाईल तिथे रंग गेलेला दिसला पाहिजे, आणि त्या चार जागा सोडून मधे शाबूत. वर चढायच्या शिडीच्या दांड्यांवर चकाकी, पायऱ्यांच्या मध्यभागी झीज. पेन्सिलीचं शिसं बोटावर घासून कडेवर फिरवलंत की पोलादाची चकाकी येते, यापेक्षा सोपं काही नाही. पण गणित विसरू नका. १/७२ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या बोटीवर सव्वासात सेंटिमीटर. स्पंजने टिपलेला वाटाण्याएवढा 'चिप' खऱ्या बोटीवर टॉवरला जेवणाच्या ताटाएवढं भगदाड असतो. माझ्या पहिल्या बोटीवर अशी सत्तर-ऐंशी ताटं आहेत.

आता एक ओघळ, अगदी जवळून. आधी ग्लॉस व्हार्निशचा थर हवाच. मॅट पृष्ठभागावर वॉश शाईसारखा पसरतो आणि रंगात मुरतो, मग पुसला जात नाही. तुमचं बहुधा हेच झालंय. रंग म्हणून कॅम्लिनचे तैलरंग पुरेत: बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, काळा, पांढरा. बाटलीतला 'रस्ट' नको. रंग आधी कोऱ्या पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवा, जवसाचं तेल पुठ्ठा शोषून घेतो, त्यामुळे रंग लवकर वाळतो आणि चमकत नाही. खाचेच्या खालच्या ओठावर, कोपऱ्यात, दाताच्या काडीने बर्न्ट अंबरचा ठिपका द्या. बाजरीच्या दाण्याहून लहान. दहा मिनिटं थांबा. चपटा मऊ ब्रश व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून कापडावर पुसा, इतका की जवळजवळ कोरडा वाटेल. ठिपक्यावरून एकदाच खाली ओढा. ब्रश पुसा. पुन्हा ओढा. तिसऱ्यांदा फक्त ओघळाच्या मध्यातून. आता वर गडद, खाली विरळ आणि मधे जरा उजळ असा पट्टा दिसेल. खूप झाला तर दोन्ही बाजूंनी ब्रशने दाबून तो अरुंद करा. दुसऱ्या दिवशी त्याच ओघळात सिएनाची केसासारखी रेघ, लांबी निम्मी. एवढंच. असे ओघळ दर दहा खाचांमागे तीन-चार, त्यातला एकच ठळक. हात नकळत ठराविक अंतरावर ओघळ काढायला लागतो, म्हणून मी कधी कधी पत्ते पिसून काळा पत्ता आला तरच पुढच्या खाचेला हात लावतो. घरात यावर बरीच टर उडवली जाते.

सगळे ओघळ गंजाचे नसावेत, हेही बघा. काही नुसते काळपट मळाचे, काही पांढरट मिठाचे, दोन-तीन तेलाचे. तेलाचा ओघळ काळ्या-तपकिरी रंगात ग्लॉस व्हार्निश मिसळून सगळ्यात शेवटी काढा, म्हणजे मॅट थरावर तो ओला चमकतो. डिझेलच्या धुराची तोंडं बोटीच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना आहेत, तिथे काजळी. ती एअरब्रशने फार पातळ काळपट करड्याने, तोंडापासून मागे विरत जाणारी. काजळीला पक्की कड नको.

पाण्याच्या रेषेवर किंचित हिरवट छटा द्या, पट्टा नको. त्या काळातली पाणबुडी बहुतेक वेळ पाण्यावरच चालायची, बुडायची ती हल्ल्यासाठी नाहीतर जीव वाचवण्यासाठी. म्हणून रेषा आहे, पण चाळीस दिवसांची. गोदीत वर्षभर पडलेल्या होडीसारखं शेवाळ दाखवायला तुमच्या बोटीला सुट्टीच मिळालेली नाही. पाण्याखालच्या भागावर गंजाचे उभे ओघळ काढू नका. खाली पाणी वाहून उतरत नाही, सगळीकडे पाणीच आहे. आणि पंखे पितळी-कांस्याचे, गंजत नाहीत. तुम्ही त्यांना गंज लावलाय, तो पुसा आणि निस्तेज, काळपट कांस्य ठेवा.

वाळवणं. कोकणपट्टीत राहणाऱ्यांसाठी हा वेगळा अध्याय आहे. जुलैमध्ये, बाहेर पाऊस कोसळत असताना, मी दुसऱ्या बोटीवर डब्यातला मॅट स्प्रे मारला. पाच मिनिटांत पूर्ण बोट दुधी झाली, जणू डीप फ्रीजमधून काढली. द्रावक उडून जाताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि थर पांढरा पडतो. तीन महिन्यांचं काम. रात्रभर झोप नाही. सकाळी ग्लॉसचा ओला हात दिला, तेव्हा सत्तर टक्के परत पारदर्शक झालं, उरलेलं 'मीठ' म्हणून खपवलं. तेव्हापासून जून ते सप्टेंबर फक्त जोडकाम आणि खाचा, व्हार्निश दिवाळीनंतर. तैलरंगही मे महिन्यात दोन दिवसांत वाळतात आणि ऑगस्टमध्ये आठवडा घेतात. थरांमध्ये घाई केली की वरचा थिनर खालचा थर उचलतो.

टॉवरपासून बोटीच्या टोकांपर्यंत ताणलेल्या तारा शेवटी. पुढे एक, टॉवरपासून मागे दोन. किटमधल्या धाग्याला लव असते, ती उन्हात दिसते, म्हणून धागा पातळ फेविकॉलमधून ओढून वाळवा. किंवा स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा) तुकडा मेणबत्तीवर मऊ करून ताणा. माझी पसंती बारीक लवचीक धाग्याला, कारण साफसफाई करताना कोणाचा तरी हात लागतोच. चिनी मातीचे इन्सुलेटर म्हणून पांढऱ्या गोंदाचे थेंब पुरतात.

परतणाऱ्या बोटी पेरिस्कोपवर बुडवलेल्या प्रत्येक जहाजामागे एक छोटं निशाण लावत. किटमध्ये कधी त्यांचे डिकॅल (चिकटवायची छापील चित्रं) असतात. मी लावत नाही. त्या ब्रिटिश मालवाहू जहाजांच्या डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी असत आणि भटारखान्यात गोव्याचे. हे ज्याचं त्याने ठरवावं.

तुम्ही शेवटी विचारलंय की पुढची बोट आपली करावी का. जरूर करा. विशाखापट्टणमला रामकृष्ण बीचवर आयएनएस कुरसुरा ठेवलीय. सोव्हिएत बनावटीची, १९६९ ते २००१ नौदलात होती, २००२ पासून संग्रहालय. ९१.३ मीटरची ती बोट वाळूवर पूर्ण उघडी आहे, तीन पंखे, सुकाणू, खालच्या खाचा सगळं जवळून बघता येतं. तिथून आकार आणि तपशील घ्या, रंग घेऊ नका. संग्रहालयातली बोट दर काही वर्षांनी नव्याने रंगवली जाते आणि तिच्या डागांना समुद्राशी काही देणंघेणं नसतं. काळी बोट रंगवताना काळा वापरू नका, गडद करडा घ्या, काळा नुसत्या खाचांत. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या नव्या कलवरी वर्गाच्या बोटी ६७.५ मीटरच्या आहेत, ७-सीच्या जवळपास तेवढ्याच. त्यातलीच एक खांदेरी, अलिबागजवळच्या जलदुर्गाच्या नावाची. पण त्यांच्या गुळगुळीत अंगावर खाचांची लांब रांग नाही, त्यामुळे वर सांगितलेलं ओघळांचं गणित तिथे लागू होत नाही.

आता तुमच्या हातातल्या बोटीचं. नवीन किट घेऊ नका, ही वाचते. गंजाचा वॉश एनॅमल असेल तर व्हाइट स्पिरिट लावलेल्या कापसाच्या बोळ्याने उभं पुसून जेवढा निघेल तेवढा काढा, पण स्पिरिट सांध्यांत साचू देऊ नका, ताणाखालचं प्लास्टिक तडकतं. माझा एक कठडा असाच गेला. जो मुरलाय तो राहू दे. मग मूळ करडा रंग घ्या, त्यात नऊ-दहापट थिनर घालून गढूळ पाण्यासारखा करा, आणि एअरब्रशने कमी दाबावर सगळ्या बाजूवर धुक्यासारखा फिरवा. एका हाताने काहीच दिसणार नाही. चार-पाच हातांनंतर नारिंगी मागे सरकायला लागतो, जुना आणि झाकलेला वाटतो. जिथे ठळक ओघळ हवाच आहे तिथे कमी फिरवा. मग ग्लॉस, दोन दिवस विश्रांती, आणि वर सांगितलेले ओघळ, मोजके. डेक मात्र सरळ काळपट करून टाका.

आणि हे सगळं आधी भिंतीकडच्या बाजूला करा.